खोडलेला प्रश्न

पहिल्याच बाईनं साबणाची वडी हातात घेतली आणि कुणी काही सांगायच्या आत ती नाकाशी नेली. काचेच्या अलीकडे अंधाऱ्या खोलीत बसलेली वहिनी पुढं सरकली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. वासाचा प्रश्न तिनं स्वतःच्या हातानं खोडला होता, पाहणी करणाऱ्या कंपनीच्या चष्मेवाल्यानं दोनदा विचारलं तरी खोडला होता, आणि एवढं सगळं करून एक साधी गोष्ट ती विसरली होती, की साबण हातात आला की बाई त्याचा वास घेणारच. पाण्याचा पेला दिला की माणूस तो तोंडाशी नेतं, तान्हं मूल दिलं की छातीशी धरतं, तसंच हे. त्याला प्रश्न लागत नाही. काचेपलीकडे लख्ख उजेडात गोल टेबलाभोवती सात बायका बसल्या होत्या, आणि आता सातही जणी वड्या नाकाशी नेत होत्या. त्यांच्या बाजूनं ती काच म्हणजे नुसता आरसा होता. एकीनं तर वास घेता घेता त्यात बघून कपाळावरचे केसही सारखे केले. थेट वहिनीच्या डोळ्यांत बघून.

"बघा वहिनी," शेजारच्या खुर्चीतून तिचा दीर म्हणाला, "कुणी न सांगता हुंगायला लागल्या. आईची पुण्याई, दुसरं काय!" त्यानं बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं, आणि तो चमच्यानं कपाचा तळ ढवळत बसला. त्याच्यामुळंच तिला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा, त्याच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. त्याचं लक्ष कपात आहेसं बघून तिनं मांडीवरची वडी उचलली. रोज सकाळी कारखान्यात माल पसंत करताना घ्यायची तसं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. गार हवा आत गेली. नाकपुडीच्या आतल्या कडेला जरासं चरचरलं. बाकी काही नाही. मागच्याच्या मागच्या थंडीत तिला ताप आला होता, साधाच, अंग मोडून काढणारा. तो उतरला आणि जाताना हे घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे, मोकळी होईल. मग वाटलं उन्हाळा आला की बरं वाटेल. मग वाट बघायची सवयच होऊन गेली. भिंतीपलीकडे माणसं राहतात हे ठाऊक असावं, भिंतीला कान लावावा आणि काही म्हणता काही ऐकू येऊ नये, तसं ती रोज वडीला नाक लावत आली होती. आणि रोज मान हलवत आली होती.

त्या मानेवर कारखाना चालायचा. साबणात मिसळायचं वासाचं तेल दर खेपेला थोडं वेगळं यायचं, कधी पातळ, कधी उग्र. कागदावर प्रमाण लिहिलेलं असलं तरी शेवटचा हात नाकाचाच लागायचा. ते नाक आधी सासूबाईंचं होतं. वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. रूप बेताचं, शिक्षण त्याहून बेताचं, चार माणसांत बोलायची वेळ आली की ती पदराचं टोक चोळत बसायची. नवी सून म्हणून तिला कारखाना दाखवायला नेलं, तेव्हा सासूबाईंनी पसंत केलेल्या वडीचा वास घेऊन ती हळूच म्हणाली होती, "कालच्यापेक्षा कडवट आहे का?" काल म्हणजे घरातल्या न्हाणीघरातली वडी, तेवढीच तिच्या ओळखीची. सासूबाईंनी वडी परत नाकाशी नेली, बराच वेळ धरली, आणि मग सगळ्यांदेखत आपल्या अंगावरची शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली. त्या दिवसापासून ती कुणीतरी झाली. नवरा मित्रांना सांगायचा, "आमच्या घरात दोनच गोष्टी खऱ्या, आईचा शब्द आणि बायकोचं नाक. मी आपला मधे लोंबकळतोय." तो अकाली गेला तेव्हा बाराव्या दिवशीच्या बोलण्यात कुणीतरी तिचं आता काय, असं विचारलं होतं, आणि याच दिरानं, जो आता चमच्यानं बिस्किटाचा लगदा बाहेर काढतोय, भर माणसांत सांगितलं होतं, "वहिनींचं काय म्हणजे? वहिनींमुळं आपलं आहे." ते वाक्य तिनं जन्मभर पुरवून वापरलं. रात्री झोप आली नाही की ते काढायचं, बघायचं, परत ठेवायचं. नाक गेलं हे तिला कळलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं, आणि ती न्हाणीघराचं दार लावून तोंडात पदर कोंबून रडली. सांगायचं तर कुणाला? सांगितलं की उरतं काय? जेवणाच्या टेबलाशी बसलेली एक विधवा भावजय, तिला भाजीची चवसुद्धा लागत नाही.

आणि कुणी विचारलं नव्हतं असंही नाही. वास मिसळणारे काका, सासूबाईंच्या वेळचे, एकदा वडी घेऊन तिच्याजवळ आले होते. "वहिनी, जरा उतरल्यासारखा वाटतोय का हो?" तिनं वडी नाकाशी धरली. तेवढ्या क्षणात तिला सांगता आलं असतं. काकांचा चेहरा इतका जवळ होता, इतका मऊ, की एक शब्द बोलली असती तर त्यांनी बाकीचं आपलं आपण सावरलं असतं. पण तिची मान हलली. "बरोबर आहे, काका." काकांनी मनगटानं स्वतःचं नाक पुसलं आणि हसले. "तुम्ही म्हणता तर असेलच. म्हातारं झालं हो हे आमचं." परत त्यांनी कधी विचारलं नाही. ते हसणं मात्र तिच्या मागं लागलं. सकाळी देवासमोर हात जोडले की ते आधी यायचं आणि देव मागून.

मग खप उतरत गेला. एकदम नाही, अंगावरचं मांस उतरावं तसा. दिरानं एका मोठ्या कंपनीशी बोलणं लावलं. ते साबणाचं नाव विकत घेणार होते, कारखाना आणि माणसं नको होती त्यांना. "लोकांनाच नकोसा झाला असेल तर आपण कुणासाठी कढया तापवायच्या?" तो म्हणाला. तेव्हा तिनंच पुढं होऊन सांगितलं की आधी लोकांना विचारून तर बघू, का सोडतात ते. रीतसर, जाणत्या माणसांकडून. बोलणं एवढं अचानक आणि एवढं शहाणपणाचं होतं, की तो बघतच राहिला. आणि मग त्यानं शब्द दिला, सुधारता येण्यासारखं कारण निघालं तर विकणार नाही. तिला कारण हवंच होतं. किंमत. वेष्टनाचा रंग. दुकानदार पुढं मांडत नाही. फेस कमी. काहीही. एवढ्या मोठ्या शहरात कुठं ना कुठं एखादं दुसरं कारण पडलेलं असेल आणि ही माणसं ते शोधून आणतील, अशा आशेनं ती त्या कंपनीच्या पायऱ्या चढली होती, दवाखान्याच्या चढाव्यात तशा. चष्मेवाला सज्जन माणूस होता. त्यानं विचारलं, "नक्की काय जाणून घ्यायचंय तुम्हांला?" आणि तिनं त्याच्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. त्यानं प्रश्नांचा कच्चा खर्डा पुढं ठेवला. ती वाचत गेली आणि वासाच्या प्रश्नावर आली तसं तिनं त्याच्याच टेबलावरचं पेन उचललं. "साबणाची पाहणी आणि वासाचं विचारायचं नाही?" तो म्हणाला. "आमचा वास आम्हांला माहीत आहे." "पण बाई, लोकांना—" "तेवढं राहू द्या." तो हसला होता. "बरं. मांडव तुमचा, आम्ही फक्त वाजवणारे."

"तर मग," काचेपलीकडून आवाज आला. छताजवळच्या जाळीतून तो खोलीत येत होता, त्यामुळं बायका तिथं बोलायच्या आणि आवाज डोक्यावरून यायचा. विचारणारी मुलगी तरुण होती, बोलणं लोण्यासारखं. "तुम्ही सगळ्यांनी हा साबण आधी वापरलाय. सोडला कशामुळं?"

"असंच," त्या सातांतल्या एक, शाळेतल्या बाई, म्हणाल्या.

"असंच म्हणजे?"

"असंच म्हणजे असंच हो. काही भांडण नाही झालं." सगळ्या हसल्या. जुळ्या मुलांची आई म्हणाली, नवरा आणेल तो साबण आणि नवऱ्याला सांगून उपयोग नाही, त्याला साबण आण म्हटलं तर झाडू आणतो. पुन्हा हसू. त्या हसण्यात वहिनी बोटं एकमेकांत घट्ट गुंफून बसली होती. देवा, कुणाला तरी किंमत म्हणू दे. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, धन नाही, मूल नाही मागितलं, तू दिलं नाहीस तर तेही गोड मानून घेतलं, आज एवढा एक शब्द दे. आणि परिचारिकेचं काम करणारी, पांढऱ्या बुटातली बाई म्हणाली, "खरं सांगू का? महाग वाटायला लागला." "हो, महागच," शाळेतल्या बाईंनी मान डोलावली. "आणि तो कागद," जुळ्यांची आई म्हणाली, "ओला झाला की वडीला चिकटतो नुसता."

"कागद!" दीर खुर्चीतल्या खुर्चीत सरकला. "वहिनी, कागद म्हणतायत! हे तर आठ दिवसांचं काम आहे." अंधारातसुद्धा त्याचा चेहरा उजळलेला दिसला. त्यालाही विकायचं नव्हतं तर. तोही कारणच शोधत होता. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, मान आपोआप खाली गेली, आणि ती मनात देवाचे आभार मानू लागली. अर्धे मानून झाले असतील नसतील तेवढ्यात कोपऱ्यातली, इतका वेळ काहीच न बोललेली बाई म्हणाली, "मी घरात या साबणाचं नावच काढत नाही आता."

ती बँकेत खिडकीमागं बसायची. सुरुवातीला ओळख करून देताना तिनं तसं सांगितलं होतं. वडी तिनं टेबलावर ठेवून दिली होती, आणि दोन बोटांनी ती जरा लांब सरकवत होती.

"का बरं?" मुलीनं विचारलं.

"आईमुळं. आमच्याकडे पहिल्यापासून हाच. आई कपडे याच्यानंच धुवायची, आम्हांला न्हाऊ घालायची याच्यानंच. मागं एकदा ती म्हणाली, साबण बदललास का गं? म्हटलं, नाही, तोच आहे. दुसऱ्या दिवशी परत, बदललास ना? वेष्टन दाखवलं. तर म्हणे वेष्टन तेच आहे, आतला तो नाही. वास नाही याला. मी घेऊन बघितला. मला काही कळेना, मला काय, दिवसभर नोटांचाच वास. म्हटलं, आई, हा साबण बदलत नसतो. तुझं नाक गेलं."

मुलीनं पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला, पुढचं विचारायची घाई न करणं हा तिच्या कामाचाच भाग असावा.

"मग महिना दोन महिने रोज तेच. मी तरी किती? एकदा ओरडले. म्हटलं, सगळं जग खोटं आणि तू एकटी खरी का? त्या दिवसापासून बोलायची बंद झाली. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, हो गं, गेलंच वाटतं. झालं. नाक गेलं म्हणून दूध नासलंय का ते मला विचारायला लागली. गॅस बंद केला की नाही ते चार चारदा उठून बघते. काल विचारत होती, ही भाजी मीच केली का? डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वय झालं की हळूहळू व्हायचंच. गोळ्या दिल्यात. माझी आई, बाई, बाजारात फळाला हात न लावता सांगायची आत किडकं आहे म्हणून." ती हसल्यासारखं करून थांबली. "म्हणून बदलला. घरात ती वडी दिसली की मलाच कसंतरी होतं. तुमच्या कागदावर काय लिहिणार याचं? 'असंच'मधे टाका."

वहिनीच्या कानांत एक बारीक शीळ सुरू झाली. खोली होती तिथंच होती, बशीत बिस्किटं होती, पण सगळं कुणीतरी पाण्याखाली धरल्यासारखं. तिला ती म्हातारी दिसली, कधी न पाहिलेली, गॅसच्या बटणाशी वाकून उभी, हात लावून बघतेय, परत फिरतेय, परत येतेय. काका दिसले, मनगटानं नाक पुसणारे. आणखी किती जणी असतील, न्हाणीघरात ओल्या वडीचा वास घेऊन क्षणभर थबकणाऱ्या, आणि मग स्वतःलाच खोटं ठरवून पाणी ओतून घेणाऱ्या? त्यांनी साबणाला कधी दोष दिला नव्हता. एवढ्या जणींनी मिळून तिची लाज राखली होती आणि ते हिशेबात खप उतरला म्हणून लिहिलं गेलं होतं.

"मलाही मध्यंतरी तसंच वाटलं होतं," दीर हळूच म्हणाला. "वास लागेना. म्हटलं सिगरेटीनं गेलं असणार. सोडलीसुद्धा महिनाभर." तो स्वतःशीच हसला. मग वडी उचलून त्यानं तिच्यापुढं धरली. "घ्या, वहिनी, एकदा बघा बरं. तुम्ही म्हणालात की प्रश्न मिटला."

तिनं वडी घेतली नाही. समोरच्या टेबलावर एक बटण होतं, शेजारी छोटासा ध्वनिक्षेपक. ते दाबून बोललं की नुसतं त्या मुलीच्या कानात ऐकू जातं, चष्मेवाल्यानं सुरुवातीलाच समजावलं होतं. अगदीच अडलं तर वापरा म्हणाला होता. वहिनीनं बटण दाबलं. दुसऱ्या हातात पदराचं टोक आलं होतं, नव्या सुनेच्या यायचं तसं. "तिला सांगा," ती म्हणाली, "तिच्या आईचं नाक चांगलं आहे. साबणच बदललाय."

दिराचा हात वडीसकट तसाच राहिला.

काचेपलीकडे मुलीनं क्षणभर आरशाकडे बघितलं. मग मान वळवून त्याच लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "अजून कुणाला काही सांगायचंय?" तिची चूक नव्हती. आम्ही विचारतो, सांगत नाही, चष्मेवाला म्हणाला होता; एकदा का आपण सांगितलं की माणसं तेच बोलायला लागतात. सहावी बाई फेसाबद्दल बोलू लागली. बँकेतली बाई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. आता बिस्किटं येतील, आभार मानतील, भेटवस्तूची पिशवी देतील, आणि ती घरी जाऊन आईच्या हातात गोळी ठेवील.

वहिनी उठली.

"वहिनी, कुठं? आत जायचं नसतं. वहिनी, काय बोललात तुम्ही आत्ता?"

"भाऊजी, मला वास येत नाही," ती दाराशी जाऊन म्हणाली. "त्या तापापासून. तुमची सिगरेट नव्हती." त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. बाहेरच्या वऱ्हांड्यात उजेड एवढा होता की भिंत धरावी लागली. दुसरं दार जडच होतं.

आत सात तोंडं वळली. मुलगी उभी राहिली, "बाई, प्लीज, असं चालत नाही," म्हणाली, पण वहिनी बँकेतल्या बाईच्या खुर्चीशी पोचलीही होती. जवळून ती दिसली होती त्यापेक्षा लहान होती, डोळ्यांखाली काळं. "तुमच्या आईचं बरोबर होतं," वहिनी म्हणाली. "साबण माझा आहे. पसंत मी करते. माझं नाक गेलंय, तरी करत होते." पुढं बोलायचं बरंच होतं, पण ते एवढ्यातच संपलं.

जुळ्यांच्या आईनं आपल्यापुढची वडी उचलून हुंगली आणि शेजारणीकडे सरकवली. बँकेतली बाई वहिनीकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू इतका लाल झाला की ती आता मारणार असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. "ओरडले हो मी तिच्यावर," ती म्हणाली. "वेष्टन तोंडासमोर नाचवून ओरडले." मग पर्समधून फोन काढला, बटणं दाबली, थांबली, आणि तो वहिनीच्या हातात कोंबला. "तुम्हीच सांगा. माझं आता ती ऐकायची नाही."

फोन थोडा वेळ वाजत राहिला. आरशात वहिनी स्वतःला दिसत होती, एक वयस्क बाई, कानाला दुसऱ्याचा फोन. आरशामागं कोण बसलंय, की उठून गेलंय, ते दिसत नव्हतं.

"कोण?" म्हातारा आवाज आला, घाबरलेला. "गॅस बंद केलाय मी."

"आई, मी साबणवाली बोलते," ती म्हणाली. "तुमचं नाक चांगलं आहे. साबण बदलला होता. चूक माझी आहे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वहिनीला वाटलं आता रडणं येईल, किंवा शिव्या. दोन्हींसाठी तिनं डोळे मिटून घेतले.

"वाटलंच होतं मला," आवाज आला, आणि तो आता घाबरलेला नव्हता. "आधी तळाचा वास गेला. मग वरचा आंबूस झाला. गेल्या उन्हाळ्यातली एक खेप तर अगदीच फुकट होती. कळलं नाही का तुम्हां कुणाला?"

"नाही, आई."

"एवढ्या मोठ्या कारखान्यात एकाला नाक नाही?"

दार उघडल्याचा आवाज झाला. दीर उंबऱ्यात उभा होता, वडी अजून हातातच. तोंडावर राग होता की काय होतं, तिला ओळखता येईना. इतक्या वर्षांत त्याचा तसा चेहरा तिनं पाहिला नव्हता. "वहिनी, फोन ठेवा," तो म्हणाला. "आपण घरी जाऊन बोलू." घरी म्हणजे कुठं, कोणत्या खोलीत, कोण म्हणून, हे सगळं त्या एका शब्दात येऊन उभं राहिलं. ती जुळ्यांच्या आईनं सरकवलेल्या खुर्चीत बसली. पण फोन तिनं ठेवला नाही.

"मी काय म्हणते," म्हातारी म्हणत होती, "मी येऊ का उद्या कारखान्यात? मला बस कळते." आणि उत्तर येईना तसं जरा चिडून, "अहो साबणवाल्या बाई! नाक गेलं ते गेलं, कान तरी आहेत का?"